भाव रोज वाढतोय, चार लाखांचा माल भरून ठेवू का?

पत्र लांबलचक आहे, कामापुरतं इथे देतो. (एसएसडी म्हणजे कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्कच्या जागी बसते ती चिपवाली डिस्क, आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया.)

"दादा, नमस्कार. चोपडा तालुक्यातल्या एका गावात माझं मोबाईल, कॉम्प्युटर रिपेअरिंग आणि कॅमेऱ्यांचं दुकान आहे, सहा वर्षं झाली. दिवाळीपासून एसएसडी, मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह सगळ्यांचे भाव असे वर जाताय की गिऱ्हाईकाला काय सांगू समजत नाही. ५१२ जीबीची जी एसएसडी मी जुलैत २,५०० ला आणली ती आता मलाच ४,४०० ला भेटते. महिन्याला माझ्या १२-१५ जाताय. सुरतचा होलसेलर रोज फोन करतो, म्हणतो चार लाखांचा माल उचल, दोन आता दे, दोन मार्च संपल्यावर दे, एप्रिलमध्ये डबल होईल. वडिलांनी कापूस विकून दोन लाख ठेवलेय, पण ते बहिणीच्या लग्नाचे आहे, लग्न आखाजीनंतर आहे. तोवर फिरवून घेऊ का? दुसरं, माझ्यासमोरचा दुकानवाला माझ्या खरेदीपेक्षा ३०० ने कमी भावात विकतो, त्याला कसं परवडतं? तिसरं, ऑगस्टमध्ये शाळेच्या लॅबला ४० कॉम्प्युटरमध्ये ५१२ टाकून द्यायचं कोटेशन दिलं होतं २,९०० प्रमाणे, ऑर्डर आता जानेवारीत आली, त्याच भावाची. आणि एक विचारायचं होतं, या चिपच्या कंपन्या पाच-सहाच आहे ना, मग हे सगळे मिळून भाव ठरवताय का? तुमचा एक दुकानदार भाऊ."

काय व्हयनं रे भाऊ, इतला कसाले घाबरना?

आधी तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर देतो. बहिणीच्या लग्नाच्या पैशाला हात लावायचा नाही. आता का ते सांगतो, कारण नुसतं नको म्हणलं तर तू त्या सुरतवाल्याचंच ऐकशील, तुझ्या वयात मीपण कोणाचं ऐकत नव्हतो.

२०१७ ची गोष्ट आहे. तेव्हा जळगावला माझं दुकान होतं आणि एसएसडीचा भाव असाच चढत होता. कारण वेगळं होतं, कंपन्या जुनी सपाट चिप सोडून एकावर एक थर चढवलेली चिप बनवायला लागल्या होत्या, त्या बदलाबदलीत माल कमी निघत होता आणि मोबाईलवाले उलट जास्त मागत होते. मला तेव्हा यातलं काहीच माहिती नव्हतं, मला इतकंच दिसत होतं की आज ४,००० आहे आणि पुढच्या आठवड्यात ४,३०० होणार. उचलल्या १२० जीबीच्या ८० एसएसडी. बायकोच्या पाटल्या ठेवून. भाजीत मीठ जास्त झालं एवढं बोललो तरी अजून विषय पाटल्यांवर जातो आमच्याकडे. पहिल्या महिन्यात १५ गेल्या, मी स्वतःला लय हुशार समजायला लागलो. मग २०१८ लागलं, नवीन थरवाल्या चिपा सगळ्याच कंपन्यांच्या एकदम निघायला लागल्या आणि भाव असा सुटला की वर्ष संपता संपता माझ्या १२० च्या पैशात बाजारात २४० भेटत होती. गिऱ्हाईक यायचं, डबी हातात घेऊन उलटीपालटी करायचं आणि विचारायचं, "भाऊ, २४० नाही का?" शेवटचे १९ नग मी असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये जवळजवळ फुकट बसवून दिले, तेव्हा कुठे ते कपाट रिकामं झालं.

तुझ्या घरात हे नवीन नसणार. २०२२ ला कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला होता, ते बघून पुढच्या हंगामात अख्ख्या खानदेशाने कापूस घरात भरला, १२ हजार होईल म्हणून. ओसरीत, माडीवर, पलंगाखाली कापूस. पोरासोरांच्या अंगाला खाज सुटली, डॉक्टरचा खर्च वेगळा, आणि शेवटी विकला ७ हजारांच्या आसपास, काहींनी तर त्याच्याही खाली. वडिलांना विचार त्या वर्षी काय झालं होतं. एसएसडीने खाज सुटत नाही एवढाच फरक, डबीतली चिप जशीच्या तशी राहते पण तिचा भाव डबीच्या आतच सडत असतो.

आता तुझा हिशोब कर, कागद घे. चार लाखांत ४,४०० प्रमाणे ९० नग येतात. तू महिन्याला जास्तीत जास्त १५ विकतो, म्हणजे हा सहा महिन्यांचा माल झाला, आणि तो १५ चा आकडा पण भाव अडीच हजार होता तेव्हाचा आहे, साडेचार-पाच हजाराला गिऱ्हाईक म्हणतं राहू दे, जुन्या हार्ड डिस्कवरच चालवू अजून. तरी धरू फेब्रुवारी-मार्चमध्ये ३० गेल्या, ४,७०० ने, किती झाले? १ लाख ४१ हजार. मार्च संपला की सुरतवाल्याला दोन लाख पाहिजे. ५९ हजार कुठून आणशील? आणि त्यानंतर आखाजी, मग मंडपवाला, आचारी, सोनं. तेव्हा ६० एसएसडी कपाटात असतील आणि भाव वर गेलेला असला तरी त्या विकायला चार महिने लागतील. लग्नात आहेरात द्यायच्या का?

अजून एक गोष्ट, जी मला कळायला फार वर्षं लागली. एप्रिलमध्ये डबल होणार हे त्या होलसेलरला जर खरंच पक्कं माहिती आहे तर तो आज तुला अर्ध्या उधारीवर का देतोय? स्वतःच ठेवेल ना कोंडून. मार्च एंड आलाय, त्याचं वरचं टार्गेट असेल, स्कीमचा स्लॅब बसवायचा असेल, किंवा त्यालाच भीती वाटत असेल. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, तो त्याचा धंदा करतोय. पण माझा अनुभव असा आहे की खरी टंचाई असते तेव्हा होलसेलर फोन उचलत नाही, उचलला तर आधी पैसे टाक म्हणतो. तो स्वतः फोन करून उधार घे म्हणायला लागला की समजायचं मालाचा भार आता आपल्या खांद्यावर टाकतोय. आणि भाव पडला तर मोठ्या डीलरला कंपनीकडून प्राइस प्रोटेक्शन मिळतं, फरकाची क्रेडिट नोट येते, तुला-मला कोणी देत नाही.

आता कंपन्यांचं. हे जरा लांब होईल पण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं यातच आहेत.

केळीवरून समजून घे, चोपड्याच्या माणसाला केळी मी काय शिकवणार. रोप लावलं की कापणीला ११-१२ महिने. लावताना भाव चांगला म्हणून सगळ्यांनी लावली, सगळ्यांची एकदम कापणीला आली, आणि घड तयार झाला की थांबता येत नाही, व्यापारी म्हणेल तो भाव. ते बघून निम्म्या लोकांनी पुढच्या वर्षी केळी सोडली की त्याच्या पुढच्या वर्षी भाव आभाळाला. एसएसडी, कार्ड, पेन ड्राइव्हमध्ये डेटा ठेवते ती फ्लॅश चिप, तिचं अगदी हेच आहे, फक्त आकडे ऐकले की घाम फुटतो. एक कारखाना उभा करायचा तर अब्जावधी डॉलर आणि दोन-तीन वर्षं. सिलिकॉनची १२ इंचाची चकती असते, वेफर म्हणतात, ती आत गेली की तिच्यावर चिपा तयार होऊन बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात. म्हणजे आज मागणी वाढली म्हणून उद्या माल वाढत नाही, आणि आज मागणी मेली तरी तीन महिने आधी आत गेलेला माल बाहेर येतच राहतो. त्यात खर्चाचा मोठा भाग मशीनचा, तो आधीच होऊन बसलेला, त्यामुळे मंदीत कारखाना बंद ठेवला तरी घसारा आणि व्याज चालूच. मग मालक काय करतो, वीज, गॅस, केमिकल एवढा वरचा खर्च निघतोय तोवर तोट्यात का होईना विकत राहतो. एकट्याने केलं तर चालून जातं, इथे सगळेच करतात.

त्यात थरांची शर्यत. सॅमसंगने २०१३ मध्ये २४ थरांची चिप आणली, एसके हायनिक्सने २०२४ च्या शेवटी ३२१ थरांची बनवायला सुरुवात केली. जितके थर जास्त तितके एका चकतीत जीबी जास्त, म्हणजे एका जीबीचा खर्च कमी. त्यामुळे कोणी म्हणूच शकत नाही की मी आहे तिथेच थांबतो, थांबला की शेजारी त्याच्या खर्चाच्या खाली विकतो. शिवाय चिपच्या एका सेलमध्ये, म्हणजे डेटा ठेवायच्या बारक्या कप्प्यात, आधी एकच बिट ठेवायचे, मग दोन, मग तीन, आता चार. एका खोलीत चार भाडेकरू ठेवल्यासारखं, भाडं जास्त येतं पण खोलीचे हाल होतात, चार बिटवाली चिप, क्यूएलसी म्हणतात तिला, लिहायला हळू आणि तिचं आयुष्यही कमी. हे लक्षात ठेव, तुझ्या समोरच्या दुकानदाराकडे येऊ तेव्हा लागेल.

ही चिप काढली जपानमध्ये तोशिबातल्या फुजिओ मासुओका नावाच्या इंजिनिअरने, आपण ज्याला नँड म्हणतो ती त्यांनी १९८७ ला मांडली. तोशिबाने १९९२ मध्ये सॅमसंगला तिचं लायसन्स देऊन टाकलं आणि पुढच्या दहा वर्षांत सॅमसंगच पुढे निघून गेली, कारण मंदीत बाकीचे हात आखडतात तेव्हा सॅमसंग उलट कारखाने वाढवते, ही तिची जुनी चाल. मासुओकांना तर मोबदल्यासाठी आपल्याच कंपनीवर केस करावी लागली, २००६ ला ८ कोटी ७० लाख येनवर मिटली, ज्या चिपवर जग चाललंय तिच्यासाठी एवढेच. पिकवणाऱ्याचं नशीब सगळीकडे सारखंच दिसतं. तोशिबाने २०१८ मध्ये तो चिपचा धंदाच विकला, त्याचं नाव आता किओक्सिया.

मिळून भाव ठरवण्याचं विचारलंस ना. कंपन्या मोजक्याच, बरोबर आहे तुझं, सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया, सॅनडिस्क, मायक्रॉन, आणि चीनची वायएमटीसी. त्यातही किओक्सिया आणि सॅनडिस्क जपानमधले कारखाने भागीत चालवतात, दोन भावांची विहीर एक, पाण्याची पाळी ठरलेली आणि बाजारात मात्र दोघांचे ट्रॅक्टर वेगळे उभे. २०१९ च्या जूनमध्ये त्यांच्या योक्काइची गावच्या कारखान्याची लाईट १३ मिनिटं गेली, त्यात एकट्या वेस्टर्न डिजिटलच्या, तेव्हा सॅनडिस्क त्यांच्याकडे होती, वाट्याचा अंदाजे ६ एक्साबाइट माल बुडाला. ६ एक्साबाइट म्हणजे ६०० कोटी जीबी. आपल्याकडे १३ मिनिटं लाईट गेली तर लाईट गेली असं कोणी धरतच नाही.

साटंलोटं झालेलं आहे, नाही असं नाही, पण ते रॅमच्या चिपमध्ये. १९९९ ते २००२ या काळात भाव संगनमताने ठरवले म्हणून सॅमसंगने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ३० कोटी डॉलर दंड भरला, २००५ ला, हायनिक्सलाही दंड झाला. पण दरवेळी चोरूनच भेटावं लागतं असं नाही. पाच-सहाच जण असले की एकमेकांचं आंगण दिसतंच. २०२२ मध्ये मोबाईल-लॅपटॉपची मागणी पडली तर किओक्सियाने ऑक्टोबरपासून ३० टक्के उत्पादन कमी केलं आणि तसं जाहीर सांगितलं, मायक्रॉननेही कापलं. सॅमसंग मात्र आपल्या जुन्या चालीप्रमाणे म्हणत राहिली आम्ही नाही कमी करणार, होऊ दे बाकीचे बेजार. आणि मग २०२३ च्या पहिल्या तीन महिन्यांत तिच्याच चिप विभागाला ४.५८ लाख कोटी वॉनचा तोटा झाला, तेव्हा एप्रिलमध्ये गपचूप तिनेही उत्पादन कमी करतो म्हणून जाहीर केलं. यात कोणी कोणाला फोन केला असेल-नसेल, तोट्यानेच सगळ्यांना एका ओळीत आणलं. तू त्या वेळी १ टीबीच्या एसएसडी मातीमोल भावाने विकल्या असशील आणि वाटलं असेल जग स्वस्त झालं. ते जग आतून रक्तबंबाळ होतं.

तेव्हा हात पोळले म्हणून नवीन कारखान्यात पैसा घालायला सगळेच कचरले, आणि तेवढ्यात हे एआयचं आलं. त्या एआयच्या डेटा सेंटरवाल्यांना एसएसडी लागतात त्या तुझ्या-माझ्यासारख्या नगावर नाही, ट्रकाने, आणि भाव विचारत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅनडिस्कने १० टक्क्यांहून जास्त भाववाढ जाहीर केली. डिसेंबरात मायक्रॉनने तर सांगूनच टाकलं की क्रुशियल ब्रँडचा किरकोळ बाजारच सोडतोय, तोच ब्रँड जो तू-मी इतकी वर्षं डोळे झाकून विकला. लग्नाची मोठी ऑर्डर भेटली की हलवाई सुटी जिलेबी तळायचं बंद करतो ना, तसं. आता हे किती दिवस चालेल? तारीख मी सांगणार नाही आणि जो सांगेल त्याच्यापासून लांब राहा, पण आज सगळे कमावताय म्हणजे आज सगळेच थर वाढवायच्या आणि मशीन घ्यायच्या नादात असणार, आणि तो माल जेव्हा निघेल तेव्हा सगळ्यांचा एकदम निघेल. केळी.

गुजरातमध्ये सानंदला मायक्रॉनचा प्रकल्प आला मग आपल्याला स्वस्त भेटेल का असं पण लोक विचारताय मला. तिथे चिपांची कापणी, पॅकिंग आणि टेस्टिंग होतं, मूळ चकती बाहेरून येते, त्यामुळे भाव काही तिथे ठरत नाही.

भाव दोन असतात हे पण समजून घे. मोठ्या मोबाईल आणि लॅपटॉप कंपन्या तीन-तीन महिन्यांचा करार करून घेतात, तो भाव हळू हलतो. उरलेला, सुटा माल फिरतो तो रोजच्या भावावर. केळीचा बऱ्हाणपूर बाजारातला फळ्यावरचा भाव वेगळा आणि तुझ्या बांधावर व्यापारी देतो तो वेगळा, तसंच म्हण. रोजचा भाव आधी चढतो, जास्त चढतो, आणि पडताना पण आधी आणि धाडकन पडतो. तू त्या सुट्या बाजाराच्या पण शेपटाला आहेस, सुरत-मुंबई-दिल्लीच्या पलीकडे. तिथे उभं राहून भावावर पैसे लावायचे म्हणजे शेवटच्या डब्यात बसून इंजिन चालवायचं.

समोरचा कसा कमी विकतो? तीन-चार शक्यता आहेत. त्याच्याकडे जुलैचा माल असेल आणि तो जुन्या खरेदीवर नफा धरत असेल, तर विकू दे त्याला, तो स्वतःचंच नुकसान करतोय. २,५०० चा नग २,८०० ला विकून त्याला ३०० सुटले असं वाटतं, पण कपाटातली तीच जागा भरायला आता त्याला ४,४०० लागणार, म्हणजे खिशातून १,६०० वर टाकावे लागतील. चढत्या बाजारात भाव नेहमी पुढच्या खरेदीवर धरायचा, मागच्या बिलावर नाही. तुझ्याकडे जुने नग असतील तर त्यांनाही आजचाच भाव लाव, फार जुन्या गिऱ्हाईकाला शे-दोनशे सोड. आणि उधारी बंद कर सध्या, महिन्याने पैसे येईपर्यंत तेवढ्यात नग येत नाही.

पण तू लिहितो तुझ्या आजच्या खरेदीपेक्षा ३०० ने कमी, म्हणजे ४,१०० ला, मग जुना माल असता तर तो अजून खाली आला असता. मला वाटतं तो क्यूएलसी विकत असेल, किंवा बिलाशिवायचा माल. एकाच नावाच्या, एकाच डबीच्या एसएसडीत मध्येच आतली चिप बदलून हलकी टाकतात असे प्रकार पण झालेले आहेत, डबी बघून समजत नाही, मोठी फाईल कॉपी केली की थोड्या वेळाने स्पीड बसतो तेव्हा समजतं. त्याच्याकडची एक कोणालातरी पाठवून विकत आण आणि ५०-६० जीबीचा एक फोल्डर टाकून बघ.

कार्ड आणि पेन ड्राइव्हमध्ये तर आता डुप्लिकेटचा पूर येणार, भाव वाढला की नेहमी येतो. आत ३२ जीबीची चिप आणि ती चालवणाऱ्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं की मी १२८ आहे. कॉम्प्युटर १२८ दाखवतो, फाईल पण जाते, आणि ३२ भरलं की आधीच्याच डेट्यावर लिहायला लागतो. मी एकदा रावेरकडे एका केळीच्या बागेत सोलरचा कॅमेरा लावला, कार्ड स्वस्तात भेटलं म्हणून दोन घेतले होते. दोन महिन्यांनी पाण्याची मोटार चोरीला गेली. शेतकऱ्याने मला बोलावलं, आम्ही दोघं बांधावर बसून लॅपटॉपमध्ये कार्ड घातलं, फाईलींची नावं सगळी दिसत होती, तारखा, वेळ, रात्रीचे अडीच, पावणेतीन, आणि उघडायला गेलं की एकपण उघडेना. तो माणूस मला काही बोलला नाही. फक्त कार्ड काढून माझ्या हातात दिलं. तेव्हापासून प्रत्येक लॉटमधला एक नग मी पूर्ण भरून टेस्ट करतो, एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. ६४ चं कार्ड साध्या २० एमबीच्या स्पीडने भरायला पाऊण-एक तास जातो आणि मग तपासायला वेगळा वेळ, जेवायला जाताना लावून दे. आणि कॅमेऱ्यात नेहमी हाय एंड्युरन्स लिहिलेलं कार्डच दे, तिथे चोवीस तास लिहिणं-पुसणं चालू असतं, साधं कार्ड त्यात लवकर मरतं.

शाळेचं बघू. ४० नग, २,९०० प्रमाणे १ लाख १६ हजारांची ऑर्डर. आज ४,४०० ने आणल्या तर १ लाख ७६ हजार तुझेच जातात, ६० हजारांचा खड्डा. कोटेशनवर मुदत लिहिली नव्हती ना? मला वाटलंच. तिथे भांडायला जाऊ नको, आणि हलका बिनबिलाचा माल पण बसवू नको, गाव एवढंसं आहे, त्या शाळेत उद्या तुझीच पोरं जाणार. जुलैचं खरेदीचं बिल आणि या आठवड्याचा भाव, दोन्ही कागद घेऊन हेडमास्तरांकडे जा आणि सरळ सांग, सर, ऑगस्टचा भाव पाच महिने टिकला नाही. मग विचार, लॅबच्या कॉम्प्युटरला ५१२ कशाला पाहिजे? विंडोज, ऑफिस, मराठी टायपिंग, शंभर जीबीच्या वर काही जात नाही. २५६ ची साधारण २,७०० ला भेटत असेल तुला, म्हणजे ४० चे १ लाख ८ हजार, त्याच ऑर्डरमध्ये बसतं आणि ८ हजार तुझ्या बसवायच्या मजुरीचे. नफा नाही झाला, पण घरातून पण गेले नाही. ऑर्डरवर ५१२ लिहिलंय म्हणून कारकून अडवेल, तर सुधारित ऑर्डर लेखी घे, तोंडी नको, ऑडिटला तोच कागद बघतात. त्यांनी ५१२ च पाहिजे म्हणलं तर अर्ध्या कॉम्प्युटरला आता आणि अर्ध्याला पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये असं मांड. आणि इथून पुढे प्रत्येक कोटेशनवर खाली ठळक लिहायचं, भाव ७ दिवसांसाठी, ऑर्डरसोबत निम्मे पैसे आगाऊ. आगाऊ आले की त्याच संध्याकाळी माल बुक करायचा, दुसऱ्या दिवशी नाही.

दुकानात माल १५-२० दिवसांचा ठेव, एवढाच. २५६ आणि ५१२ च्या मिळून ८-१०, कार्डं ६४ आणि १२८, पेन ड्राइव्ह जे चालतं ते. संपलं की आण, चार-दोन वेळा महागात पडेल, पडू दे. तुझी खरी कमाई जुना लॅपटॉप खोलून साफ करून त्यात एसएसडी टाकून, डेटा फिरवून देण्यात आहे, ते ५०० घेतोस ना? ७०० घे.

सुरतवाल्याचा फोन आला की त्याला म्हण, १० नग रोखीने दे, बाकी बघू. रागवायचा नाही तो. आणि ते दोन लाख आजच बँकेत नेऊन आखाजीपर्यंतच्या एफडीत टाक, आणि पावती आईकडे दे, तुझ्याकडे ठेवू नको.